कृमीची वाट : एका पुस्तकाच्या निमित्ताने

शाळेतला संगणक बिघडला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "पेनड्राइव्ह कोणी लावला होता?" मग एखादा विद्यार्थी, एखादे शिक्षक किंवा प्रश्नपत्रिका छापून आणायला झेरॉक्सच्या दुकानात गेलेला शिपाई सापडतो आणि चौकशी तिथेच संपते. दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पेनड्राइव्ह ही केवळ साठवणीची वस्तू आहे, वहीसारखी. वही टेबलावर ठेवल्याने टेबल बिघडत नाही. मग पेनड्राइव्ह खोचल्याने संगणक का बिघडावा?

हा प्रश्न मनात ठेवून वाचावे असे एक पुस्तक आहे : अमेरिकन पत्रकार किम झेटर यांचे 'काउंटडाउन टू झीरो डे' (क्राउन, न्यूयॉर्क, २०१४). इराणच्या अणुप्रकल्पात शिरलेल्या 'स्टक्सनेट' नावाच्या वर्मची ही कथा आहे. वर्म म्हणजे कृमी. संगणकाचा विषाणू दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमला चिकटून पसरतो, तर वर्म हा स्वतःच पूर्ण प्रोग्रॅम असतो आणि तो स्वतःच्या प्रती स्वतःच काढतो. पुस्तक मेहनतीने लिहिलेले आहे. परंतु त्याचे शीर्षक आणि मांडणी वाचकाला एका दिशेला नेतात आणि त्यातला पुरावा दुसऱ्याच दिशेला बोट दाखवतो, असे माझे मत झाले. शिक्षकांच्या दृष्टीने ही दुसरी दिशा अधिक मोलाची आहे, म्हणून हा लेख.

पुस्तकात काय आहे?

कथेची सुरुवात जानेवारी २०१० मध्ये नतान्झ येथे होते. तिथल्या भूमिगत प्रकल्पात युरेनियमचे समृद्धीकरण चालत असे. त्यासाठी सेंट्रिफ्यूज, म्हणजे प्रचंड वेगाने फिरणारी उभी नळकांडी वापरतात. युरेनियमच्या वायुरूप संयुगातला किंचित जड भाग कडेला जातो, किंचित हलका भाग मध्याकडे राहतो आणि शेकडो नळकांड्यांतून ही क्रिया पुन्हा पुन्हा घडवून हवा तो घटक वाढवला जातो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांच्या लक्षात आले, की तिथे नेहमीपेक्षा फार जास्त सेंट्रिफ्यूज काढून नवे बसवले जात आहेत. कारण मात्र कळत नव्हते.

त्याच वर्षी जूनमध्ये बेलारूसमधील 'व्हायरसब्लॉकएडा' या छोट्या कंपनीतल्या सर्गेई उलासेन यांच्याकडे इराणमधून एक तक्रार आली. तिथले काही संगणक सारखे बंद पडून पुन्हा सुरू होत होते. तपासात एक अनोळखी वर्म हाती लागला. पुढचे अनेक महिने सिमँटेक कंपनीतले निकोला फालिएर, लियम ओ मुर्कू आणि एरिक चियेन, तसेच जर्मनीतले राल्फ लँगनर यांनी त्याची एकेक घडी उलगडली. हा कृमी संगणकातून सीमेन्स कंपनीच्या नियंत्रकांपर्यंत पोहोचत होता. हे नियंत्रक म्हणजे कारखान्यातल्या मोटारी आणि झडपा चालवणारी छोटी यंत्रे. तिथे तो मोटारींची वारंवारता बदलत असे. नेहमीची १,०६४ हर्ट्झ वारंवारता तो १,४१० पर्यंत चढवी, नंतर केव्हातरी २ हर्ट्झपर्यंत खाली आणी आणि पुन्हा १,०६४ करी. पडद्यापुढे बसलेल्या माणसाला मात्र सारे सुरळीत दिसे.

झेटर ही प्रकरणे आळीपाळीने सांगतात : एक प्रकरण संगणकतज्ज्ञांच्या तपासाचे, तर पुढचे इराणच्या अणुकार्यक्रमाचे. रहस्यकथेसारखी उत्सुकता त्यामुळे टिकते. पानोपानी तळटीपा आहेत, आणि सिद्ध झालेली गोष्ट कोणती व अंदाज कोणता हे त्या बहुतेक ठिकाणी वेगळे ठेवतात. किती सेंट्रिफ्यूज नेमके वर्ममुळे निकामी झाले, याबद्दल त्या छातीठोक विधान करत नाहीत. विज्ञान शिकवणाऱ्याने हा संयम जरूर पाहावा. तोटा इतकाच, की काळाचे धागे सारखे मागेपुढे होतात. वाचताना शेजारी कागदावर सनावळीचा तक्ता करत गेले तरच घटनाक्रम नीट लागतो.

वही आणि हुकूम

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. वहीतला मजकूर आणि वही वाचणारा माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'खिडकीतून उडी मार' असे वहीत लिहिले असले तरी वाचणारा उडी मारत नाही. संगणकाची गोष्ट निराळी आहे. जॉन फॉन नॉयमन यांच्या १९४५ च्या अहवालापासून रूढ झालेल्या रचनेत माहिती आणि आज्ञा एकाच स्मृतीत, एकाच प्रकारच्या आकड्यांत साठवल्या जातात. अमुक आकडे म्हणजे छायाचित्र आहे की हुकूम, हे आकड्यांकडे पाहून कळत नाही. ते वाचणारा प्रोग्रॅम त्यांच्याशी कसा वागतो, यावर ते ठरते. संगणकाचे सारे सामर्थ्य या रचनेतून येते, आणि वर्मचे सामर्थ्यसुद्धा.

म्हणून पेनड्राइव्हवर वर्म नुसता पडून असेल तर तो निरुपद्रवी आहे. कोणीतरी त्याला 'चालव' असे म्हणावे लागते. हे कोण म्हणते, एवढाच शोध घ्यायचा आहे.

फ्लॉपीच्या काळात हे काम संगणक सुरू होताना होई. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या रिच स्क्रेंटा या शाळकरी मुलाने लिहिलेला 'एल्क क्लोनर' आणि १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हे दोन्ही फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात बसत. संगणक सुरू करताना फ्लॉपी आत राहिली, की तो भाग आपोआप वाचला जाई आणि चालवलाही जाई. लाहोरहून निघालेला 'ब्रेन' माणसांच्या खिशातून आणि पिशव्यांतून देशोदेशी गेला.

पुढे विंडोज ९५ मध्ये 'ऑटोरन' ही सोय आली. सीडी घातली की तिच्यावरचा कार्यक्रम आपोआप सुरू व्हावा, नवख्या माणसाला काही शोधावे लागू नये, हा हेतू. त्यासाठी सीडीवर 'ऑटोरन डॉट आयएनएफ' नावाची दोनचार ओळींची फाइल असे. विकत घेतलेल्या सीडीवर कोणी सहज लिहू शकत नव्हते, तोवर यात मोठा धोका नव्हता. नंतर पेनड्राइव्ह आले. त्यांच्यावर कोणताही संगणक केव्हाही लिहू शकतो. फ्लॉपीला लिखाण बंद करण्यासाठी खाच किंवा सरकती पट्टी असे, बहुतेक पेनड्राइव्हना तीही नाही. ऑटोरनची जुनी सोय मात्र तशीच चालू राहिली. विंडोज एक्सपीमध्ये पेनड्राइव्ह लावल्यावर एक चौकट उघडे. तिच्यातला पहिला पर्याय कोणता दिसावा, हे त्या पेनड्राइव्हवरची फाइलच सांगू शके! पाहुण्याच्या हाती घराची किल्ली नव्हे, घराची पाटी रंगवण्याचा ब्रशच दिला होता.

२००८ च्या अखेरीस 'कॉन्फिकर' वर्मच्या दुसऱ्या आवृत्तीने हेच केले. चौकटीत फोल्डरचे चित्र आणि त्यापुढे 'फाइली पाहण्यासाठी फोल्डर उघडा' अशा अर्थाची ओळ दिसे. ती ओळ विंडोजची नव्हती, वर्मची होती. ज्याने ती दाबली त्याला मूर्ख म्हणायचे कारण नाही. त्याला जे दाखवले गेले त्यावर त्याने विश्वास ठेवला.

शीर्षकातला 'शून्य दिवस'

आता पुस्तकाच्या शीर्षकाकडे पाहू. निर्मात्याला अजून ठाऊक नसलेल्या त्रुटीला 'झीरो डे' म्हणतात, कारण दुरुस्तीसाठी त्याला शून्य दिवस मिळालेले असतात. स्टक्सनेटमध्ये विंडोजच्या अशा चार त्रुटी वापरल्या होत्या, आणि त्याचे जगभर आश्चर्य झाले. झेटरही त्याच आश्चर्याभोवती कथा गुंफतात. वाचकाच्या मनात चित्र उभे राहते ते असे, की दुर्मीळ, जवळजवळ अद्भुत अशा हत्याराने अभेद्य भिंत फोडली.

पुरावा काय सांगतो? स्टक्सनेटची एक जुनी आवृत्ती सिमँटेकने २०१३ मध्ये उजेडात आणली. ती नोव्हेंबर २००७ मध्येच वावरत होती. तिने विंडोजची एकही त्रुटी वापरलेली नाही. सीमेन्सच्या नियंत्रकांसाठी अभियंते जे काम करतात त्याची फाइल-पुडकी एका संगणकावरून दुसऱ्यावर नेली जातात. ही आवृत्ती त्या पुडक्यांत बसून प्रवास करी. जून २००९ ची आवृत्ती पेनड्राइव्हवरून पसरली ती ऑटोरनच्या वाटेने, म्हणजे कॉन्फिकरच्याच वाटेने. तिची युक्ती वर्गात सांगण्यासारखी आहे. तिची ऑटोरन फाइल हीच वर्मची प्रोग्रॅम-फाइलही होती. ऑटोरनच्या ओळी शोधणारा विंडोजचा वाचक न समजलेला मजकूर गाळून पुढे जातो, म्हणून सुरुवातीचा सगळा प्रोग्रॅम त्याला कचरा वाटला आणि शेवटच्या काही ओळी तेवढ्या कळल्या. त्या ओळींनी त्याच फाइलला प्रोग्रॅम म्हणून चालवायला सांगितले. एकच फाइल, एका वाचनात मजकूर, दुसऱ्या वाचनात हुकूम. फॉन नॉयमन रचनेचे याहून नेमके उदाहरण मला माहीत नाही.

मार्च २०१० च्या आवृत्तीत गाजलेली 'शॉर्टकट' त्रुटी आली. फोल्डर उघडला की विंडोज प्रत्येक फाइलचे चित्र दाखवते. काही विशिष्ट शॉर्टकटच्या बाबतीत ते चित्र आणण्यासाठी विंडोज मूळ फाइल स्मृतीत चढवी, आणि चढवता चढवता तिच्यातला प्रोग्रॅम चालून जाई. कशावरही क्लिक करायची गरज नव्हती, यादी पाहणे पुरे होते. ही त्रुटी खरोखर गंभीर होती. पण ती तरी अगदी अज्ञात होती का? नोव्हेंबर २००८ मध्ये 'झ्लॉब' नावाच्या एका सामान्य घुसखोर प्रोग्रॅमने ती वापरली होती, ते कोणाच्या लक्षात आले नव्हते इतकेच. छपाईच्या सेवेतली आणखी एक त्रुटी २००९ मध्ये पोलंडमधल्या एका मासिकात छापून आली होती. म्हणजे चारांपैकी दोन 'शून्य दिवस' प्रत्यक्षात कित्येक महिन्यांचे होते! मायक्रोसॉफ्टने शॉर्टकटची त्रुटी ऑगस्ट २०१० मध्ये बुजवली, पण ती दुरुस्ती अपुरी निघाली आणि २०१५ मध्ये पुन्हा करावी लागली.

तेव्हा माझा पहिला आक्षेप असा. अज्ञात त्रुटी ही या कथेतली चमकदार बाजू आहे, पण कणा नाही. पाहणे आणि चालवणे यांतली सीमा संगणकाच्या रचनाकारांनी सोयीसाठी पुसट केली, हा कणा आहे. तो पुस्तकात विखुरलेला सापडतो, एका जागी मांडलेला नाही.

हवेची भिंत

नतान्झचे संगणक इंटरनेटला जोडलेले नव्हते. अशा व्यवस्थेला इंग्रजीत हवेचे अंतर म्हणतात. मध्ये तार नाही, फक्त हवा. हा शब्दप्रयोग पुस्तकात वारंवार येतो, आणि वर्मने हे अंतर 'ओलांडले' याचे नवल केले जाते. इथे माझा दुसरा आक्षेप आहे. तार नसली म्हणजे संबंध नाही, हे गृहीतच चूक आहे. प्रकल्प चालायचा तर बाहेरून सुधारित प्रोग्रॅम आत न्यावे लागतात, नोंदी बाहेर आणाव्या लागतात, कंत्राटदार येतात-जातात. पाण्याचा नळ नसलेल्या घरात पाणी येत नाही असे नाही, ते हंड्याने येते. पेनड्राइव्ह हा तसा हंडा आहे.

याचा पुरावाही वर्मनेच जपून ठेवला होता. ज्या ज्या संगणकात तो शिरला त्याची नोंद तो आपल्याजवळ ठेवी. त्या नोंदींचा माग काढत सिमँटेकचे लोक इराणमधल्या पाच संस्थांपर्यंत पोहोचले. आधी बाहेरच्या संस्था बाधित करायच्या आणि त्यांच्या माणसांबरोबर आत जायचे, असा तर्क झेटर त्यावरून मांडतात. तो पटण्याजोगा आहे. मात्र पुस्तक २०१४ चे आहे. झेटर यांनीच एका डच पत्रकाराबरोबर २०१९ मध्ये दिलेल्या वृत्तान्तानुसार, नेदरलँडच्या गुप्तहेर खात्याने मिळवलेल्या एका माणसाने २००७ मध्ये पहिली आवृत्ती आत पोहोचवली. दोन्ही प्रकारांत भिंत ओलांडणारा माणूसच होता. एकाला हे माहीत होते, बाकीच्यांना नव्हते.

छिद्र कोणाचे?

तिसरा मुद्दा आपल्या जवळचा आहे. एका पेनड्राइव्हवरून तीनच संगणक बाधित करून तिथून पुसले जावे, अशी मर्यादा या वर्मला घातली होती. पेनड्राइव्हवर मर्यादा होती, पण कार्यालयातल्या जाळ्यावर ती नव्हती. सप्टेंबर २०१० अखेर सिमँटेकच्या मोजणीत जगभर सुमारे एक लाख संगणक बाधित होते. त्यांतले जवळजवळ ६० टक्के इराणमधले, त्यानंतर इंडोनेशिया आणि तिसऱ्या क्रमांकावर भारत, सुमारे ८ टक्के. म्हणजे आठेक हजार भारतीय संगणक अशा वर्मचे वाहक होते, ज्याचे त्यांच्याशी काही देणेघेणे नव्हते. तिथे त्याने यंत्रे बिघडवली नाहीत, कारण त्याला हवे ते नियंत्रक तिथे नव्हते. पण दार उघडेच होते.

हे दार कोणी उघडे ठेवले? स्टक्सनेटमागे अमेरिका आणि इस्रायल होते असे अमेरिकन वृत्तपत्रांनी २०१२ मध्ये सविस्तर छापले, दोन्ही सरकारांनी ते अधिकृतपणे मान्य केलेले नाही. एक गोष्ट मात्र जाहीर आहे. २००८ मध्ये मध्यपूर्वेतल्या एका तळावर अमेरिकन लष्कराच्या संगणकाला लावलेल्या पेनड्राइव्हमधून 'एजंट डॉट बीटीझेड' हा वर्म त्यांच्या गुप्त जाळ्यात शिरला. त्या नोव्हेंबरमध्ये लष्कराला पेनड्राइव्हवर बंदी घालावी लागली. त्यानंतर सातच महिन्यांनी, जून २००९ मध्ये, स्टक्सनेट त्याच वाटेने निघाला. त्रुटी शत्रूच्या संगणकात वेगळी आणि आपल्या संगणकात वेगळी नसते. ती शत्रूसाठी जपून ठेवायची तर स्वतःच्या नागरिकांच्या, शाळांच्या, इस्पितळांच्या संगणकांतही जपून ठेवावी लागते. झेटर या त्रुटींच्या खरेदी-विक्रीवर स्वतंत्र प्रकरण लिहितात, आणि पुस्तकातला तो सर्वांत निर्भीड भाग आहे. या विषयावर वरच्या वर्गात वाद घडवायचा असेल तर ते प्रकरण आधी वाचावे.

दोष कोणाला द्यायचा?

शेवटी पुन्हा 'पेनड्राइव्ह कोणी लावला?' हा प्रश्न. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात संशोधकांनी आवारात २९७ पेनड्राइव्ह मुद्दाम टाकून ठेवले आणि त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. ९८ टक्के उचलले गेले आणि ४५ टक्क्यांवरच्या फाइली कोणीतरी उघडल्या. का उघडल्या, असे विचारल्यावर उत्तर देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सांगितले, की मालकाला शोधून परत द्यायचा होता. ज्या चांगुलपणाची आपण मुलांना शिकवण देतो, तोच वर्मच्या उपयोगी पडतो. माणसांना धाक घालून हा प्रश्न सुटणार नाही.

मग कशाने सुटतो? विंडोज ७ मध्ये, २००९ साली, मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हसाठी ऑटोरन बंद केले. फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या विंडोजसाठीही तशी दुरुस्ती पाठवली. पुढच्या काही महिन्यांत या वाटेने होणारे संसर्ग ठळकपणे घटल्याचे कंपनीनेच नोंदवले. तेवढ्या काळात जगातली माणसे अधिक सावध झाली नव्हती. बदलली होती ती यंत्राची सवय. सगळेच त्यामुळे मिटले असे मात्र नाही. त्यानंतर वर्म लिहिणाऱ्यांनी माणसाच्या सवयीकडे मोर्चा वळवला. पेनड्राइव्हवरचे खरे फोल्डर लपवायचे आणि त्याच नावाचे, फोल्डरचेच चित्र असलेले शॉर्टकट ठेवायचे. आपण दोनदा क्लिक करतो, आधी वर्म चालतो, मग खरा फोल्डर उघडतो, आणि काही झाले असे वाटतही नाही. आपल्याकडे 'शॉर्टकट व्हायरस' म्हणून ओळखला जातो तो हाच प्रकार. २०२१ मध्ये सापडलेला 'रास्पबेरी रॉबिन'ही शॉर्टकटच्याच मार्गाने पसरला.

यावर शिक्षकांना करता येण्याजोग्या तीन गोष्टी आहेत. फाइलच्या नावाचा शेवटचा भाग विंडोज एरवी लपवते, तो दिसेल अशी व्यवस्था शाळेतल्या संगणकांवर करावी. मग फोल्डरचे चित्र लावलेला 'ईएक्सई' प्रोग्रॅम लगेच ओळखू येतो. शॉर्टकटचा शेवट मात्र तरीही दिसत नाही. तो चित्राच्या कोपऱ्यातल्या बाणावरून आणि 'प्रकार' या रकान्यावरून ओळखायला शिकवावे. दुसरे, शाळेचे संगणक रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकाराच्या खात्यातून वापरावेत आणि विंडोजच्या दुरुस्त्या वेळेवर चढवाव्यात. वर्मविरोधी प्रोग्रॅम असावाच, पण त्यावर भिस्त ठेवू नये. कोणताही प्रोग्रॅम विषाणू आहे की नाही हे अचूक ओळखणारा प्रोग्रॅम लिहिताच येत नाही, हे फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच गणिताने दाखवले आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्याच्या पेनड्राइव्हमधून संसर्ग आला त्याला शिक्षा करू नये. शिक्षा झाली की पुढचा विद्यार्थी सांगत नाही, आणि न सांगितलेला संसर्ग सर्वांत दूर जातो.

झेटर यांचे पुस्तक याच कारणासाठी वाचनालयात हवे. इंग्रजी सोपे आहे आणि अकरावी-बारावीचे विद्यार्थी ते जिद्दीने वाचू शकतील. मात्र त्यांच्या हाती ते देताना एक सूचना करावी : हत्यार किती अद्भुत होते यापेक्षा प्रत्येक टप्प्यावर 'चालव' असे कोणी म्हटले, आणि ते म्हणण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, याची नोंद करत वाचा. पुस्तक संपेल तेव्हा त्या नोंदीत इराणी अभियंत्यांपेक्षा विंडोजच्या रचनाकारांची आणि त्रुटी दडवून ठेवणाऱ्यांची नावे जास्त वेळा आलेली दिसतील.